वैनगंगेचें खोरें

महाराष्ट्रांतील नद्यांचें नांव निघालें कीं सुशिक्षित नागरिकाच्या डोळ्यांपुढें बहुधा गोदावरी, भीमा, कृष्णा या सह्याद्रींत उगम पावणाऱ्या नद्या उभ्या राहतात. काळा कातळ, काळी जमीन, ज्वारी-बाजरीचीं शेतें आणि पूर्वेच्या रोखानें वाहणारें पाणी असें तें परिचित चित्र असतें. राज्याच्या पूर्व टोकाला मात्र एक नदी अशी आहे कीं, तिला या चित्रांतील एकही रंग लागू पडत नाहीं. तिचा जन्म सातपुड्यांत झाला, तिचा ओघ दक्षिणेकडे आहे, आणि तिच्या दोन्ही तीरांवर धान पिकतो. ही नदी वैनगंगा होय. तिच्या खोऱ्याचा जो भाग भंडारा जिल्ह्यांत येतो, त्याची घडण कशी आहे, तेथें माणूस कसा वसला आणि आज त्या खोऱ्यापुढें कोणता प्रश्न उभा आहे, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत मुंडारा गांवाजवळ वैनगंगा उगम पावते. तिला जावयाचें असतें दक्षिणेला. पण ती प्रथम उत्तरेकडे निघते, मग पूर्वेस वळते, आणि अर्धवर्तुळासारखा मोठा वळसा घेऊन बालाघाटच्या सखल भागांत दक्षिणाभिमुख होते. महाराष्ट्राच्या सीमेवर तिला बाघ नदी मिळते. पुढें बावनथडी, सूर, कन्हान आणि चुलबंद या नद्या तिच्यांत येऊन मिसळतात. त्यांपैकीं कन्हान ही पेंचचेंही पाणी बरोबर घेऊन येत असल्यामुळें विशेष मोठी. भंडारा शहरापाशीं वैनगंगेचें पात्र समुद्रसपाटीपासून अडीचशें मीटरांहूनही कमी उंचीवर आहे, आणि समुद्र तर तेथून शेंकडों किलोमीटर दूर. उतार इतका मंद असल्यामुळें पात्र रुंद, वाळूचें आणि संथ झालें आहे. पुढें चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांमधून गेल्यावर तिला वर्धा नदी भेटते. दोघींच्या संगमानंतरच्या प्रवाहास प्राणहिता म्हणतात, आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. असा हा साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक लांबीचा प्रवास आहे. तुमसरच्या शेतांत पडलेला पावसाचा थेंब अखेर आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरांत पोंचतो.

या खोऱ्याखालील दगडही निराळा आहे. पश्चिम महाराष्ट्राचा काळा कातळ सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. भंडाऱ्याचे खडक त्याहून कितीतरी पुरातन, शंभर कोटि वर्षांच्या घरांतले व त्याहूनही आधींचे आहेत. भूशास्त्राच्या ग्रंथांत या खडकांच्या एका समूहाला साकोली हेंच नांव दिलेलें आहे. भंडाऱ्याच्या एका तालुक्याचें गांव अशा रीतीनें जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या ओळखीचें झालें. दुसरा सौसर नांवाचा समूह तुमसरच्या बाजूस पसरला असून त्यांतच मँगेनीजचे थर सांपडतात. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी याच थरांवर चालतात. या जुन्या, कठीण खडकांचा एक गुण मात्र शेतकऱ्याच्या विरुद्ध जातो. त्यांच्या पोटांत पाणी फारसें मुरत नाहीं. जेथें ते फुटले-झिजले आहेत तेथेंच विहिरीला बरें पाणी लागतें. एरव्हीं पडलेला पाऊस उतारानें ओढ्याला, ओढ्यावाटे नदीला आणि नदीवाटे परमुलखाला निघून जातो.

पाऊस थोडा पडतो असें मुळींच नाहीं. वर्षाकाठीं सुमारें तेराशें मिलिमीटर पाऊस येथें होतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. परंतु तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. धानाचें वेळापत्रक या चार महिन्यांत पुरतें बसत नाहीं. मृगांत परे टाकावयाचे, रोप हातभर झालें कीं चिखल केलेल्या बांध्यांत रोवणी करावयाची, आणि मग लोंबी भरेपर्यंत बांधींत पाणी राखावयाचें. हलका धान लवकर निघतो. पण भारी धानाची लोंबी भरण्याच्या वेळीं पाऊस परतीच्या वाटेला लागलेला असतो. त्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत एक पाणी मिळालें तर घरांत वर्षाचा दाणा येतो. न मिळालें तर उभें पीक पोचट होतें. या खोऱ्यांतील माणसाच्या सुखदुःखाचा सारा इतिहास त्या एका पाण्याभोंवतीं फिरत आलेला आहे.

नदी मोठी असूनही तें एक पाणी तिच्याकडून मिळण्याची सोय जुन्या काळीं नव्हती. पात्र खोल, कांठ उंच, आणि पावसाळ्यांतील पुराला बांध घालण्याचें सामर्थ्य कोणापाशींच नव्हतें. म्हणून नदीचा उपयोग शेतीपेक्षां वस्तीला, व्यापाराला आणि धर्माला अधिक झाला. त्याची साक्ष पवनी देते. तीन बाजूंना तट व खंदक आणि चौथ्या बाजूस वैनगंगा असें हें प्राचीन नगर आहे. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं शां. भा. देव आणि जगत्पति जोशी यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें. जगन्नाथ टेकडी या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखालीं एक विशाल बौद्ध स्तूप निघाला. त्याचा आरंभ मौर्यकाळापर्यंत मागें जातो, आणि त्याचा व्यास अडतीस मीटरांच्या आसपास आहे. कठड्याच्या शिळांवर पशु, वृक्ष, नाग यांचीं शिल्पें आहेत, आणि ज्यांनीं त्या शिळा दिल्या त्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. भार वंशांतील राजा भगदत्त याचा आणि महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा, असे दोन लेखही पवनीसच मिळाले, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळें ते विद्वानांच्या परिचयाचे झाले. पुढें वाकाटकांचें राज्य आलें, आणि दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपटही येथेंच सांपडला. आज तालुक्याचें साधें गांव असलेल्या या ठिकाणीं दोन हजार वर्षांपूर्वीं दूरदूरच्या राजवटींचा संबंध येत होता, हें त्यावरून ध्यानांत येतें.

भंडारा हें नांवही बरेंच जुनें आहे. रतनपूरचा कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याच्या १११४ सालच्या शिलालेखांत त्याला कर देणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. तींत वैरागर आणि लांजिका यांच्या पंक्तीला भाणार हें नांव येतें. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या शिष्यांत निळभट भांडारेकर यांची गणना होते, आणि महानुभावांच्या ग्रंथांतून या प्रदेशाला झाडी म्हटलेलें आढळतें. झाडीपट्टी हें आजचें नांव त्याच परंपरेंतलें. कन्हान व वैनगंगा यांच्या संगमावरील आंभोऱ्याला तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत मानाचें स्थान आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ११८८ सालीं येथेंच रचला गेला अशी विदर्भांतील परंपरा आहे. आंबेजोगाईचे अभिमानी हें मान्य करीत नाहींत, आणि वाद विद्वानांत अजून चालू आहे. पण येथील भाविक तो निकाल लागण्याची वाट न पाहतां संगमावर दर्शनाला येतच असतात.

येथवरचा इतिहास नदीच्या कांठाचा झाला. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना, उतारांवर आणि डोंगरांच्या पायथ्याशीं, जें घडलें तें नंतरच्या शतकांत, गोंड राजांच्या काळांत. झाडी तोडून गांव वसवावयाचें तर पाण्याची व्यवस्था आधीं लागते. ती ज्यांनीं केली त्यांत कोहळी समाजाचें नांव अग्रभागीं येतें. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असतां तेथून त्यानें या लोकांना आणलें आणि तळें बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालीं येणारी जमीन दिली, अशी दंतकथा आहे. कथा कितपत खरी हें बाजूला ठेवलें तरी तळीं खरीं आहेत. १९१६ सालीं रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर ग्रंथ लिहिला, त्यांतही तळीं बांधण्याचें कोहळ्यांचें कौशल्य नमूद आहे. नवेगांवबांधचें विस्तीर्ण तळें कोलू पाटील कोहळी यानें बांधल्याची ख्याति आहे. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि नवेगांवबांध गोंदिया जिल्ह्यांत गेलें. परंतु साकोलीजवळचें शिवनीबांध आणि गांवोगांवचीं असंख्य तळीं भंडाऱ्याकडे राहिलीं. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा, ही ओळख त्यांनींच मिळवून दिली.

या तळ्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. दोन टेकाडांच्या मध्यें जेथें ओढ्याची वाट अरुंद होते तेथें मातीची पाळ घालावयाची. पाळीच्या आंतल्या अंगाला लाटांनीं माती सुटूं नये म्हणून दगड रचावयाचे. पाणी सोडण्याचें जें तोंड ठेवतात त्याला तुडुम म्हणतात. जादा पाणी सांडव्यावाटे बाहेर पडून खालच्या तळ्यांत जातें, त्याच्याही खालीं आणखी एखादी बोडी असते. बोडी म्हणजे शेताच्या माथ्यावरचें लहान तळें. अशा रीतीनें एकच पाऊस उतरतां उतरतां तीन-चार ठिकाणीं अडतो. वरच्या अंगाचें जंगल गाळ थोपवून धरतें. उन्हाळ्यांत तळ्याचा तळ उघडा पडला कीं गाळ गाड्यांनीं शेतांत न्यावयाचा. त्यानें तळें खोल होतें आणि शेत सकस होतें. पाण्यांत ढिवरांची मासेमारी आणि शिंगाड्याचें पीक, कांठाला गुरांचें पाणी, आणि खालीं धानाच्या बांध्या व उसाचे वाफे. कोणाच्या बांधीला कधीं पाणी द्यावयाचें हें पाहणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणत, आणि त्याला त्याबद्दल धान्य मिळे.

पाण्याच्या पाळीनें बांधलेलीं अशीं खोरीं अन्यत्रही आहेत. स्वित्झर्लंडमध्यें आल्प्स पर्वताच्या दोन रांगांच्या मधोमध ऱ्होन नदीचें खोरें आहे. दोन्हीकडच्या शिखरांनीं पाऊस अडविल्यामुळें खोऱ्याचा तळ कोरडा राहतो, आणि बर्फाचें पाणी वर हिमनद्यांपाशीं वाहत असतें. तेथील व्हॅले प्रांतांतील शेतकऱ्यांनीं मध्ययुगापासून कड्यांना लांकडी पन्हळी टांगून तें पाणी मैलोगणती वळवून आणलें. कोणाला किती तास पाणी, याची नोंद ते लांकडाच्या पट्टीवर खुणा कोरून ठेवीत. तेथें दूरचें पाणी जवळ आणावयाचें होतें. भंडाऱ्यांत जवळचें पाणी जाऊं न देतां ठेवून घ्यावयाचें होतें. उपाय भिन्न, पण दोन्हीकडे पाळी ठरविणारा, वाट राखणारा आणि चुकणाऱ्याला जाब विचारणारा कोणीतरी गांवांतच असावा लागला. दगडमातीच्या कामाइतकीच ही व्यवस्था महत्त्वाची होती.

अठराव्या शतकांत हा मुलूख नागपूरकर भोंसल्यांच्या अमलाखालीं आला. त्याच्या थोडें आधीं, १७०० च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंदशहाच्या कारकीर्दींत राजाखान पठाणानें तुमसरजवळ अंबागडचा किल्ला बांधला होता. तो आजही डोंगरावर उभा आहे. १८२०-२१ च्या सुमारास जिल्ह्याचें ठाणें लांजीहून भंडाऱ्यास आलें. १८५३ सालीं तिसरे रघुजी भोंसले वारले, आणि त्यांचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. नंतरच्या जमाबंदींत गांवांच्या मालगुजारांना मालकीचे हक्क मिळाले आणि तळीं त्यांच्या नांवावर लागलीं; गांवकऱ्यांचे पाण्यावरचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत लिहिले गेले. १८८० च्या दशकांत नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे या खोऱ्यांतून गेली आणि धानाला दूरची बाजारपेठ मिळाली. मात्र १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत धानाच्या या मुलखाचेही हाल झाले. त्यानंतरच्या वर्षांत सरकारनें स्वतः मोठीं तळीं बांधावयास घेतलीं. तुमसर तालुक्यांतील चांदपूरचें तळें त्यांपैकींच होय.

मालगुजारीचा काळ सर्वस्वीं चांगला होता असें मानणें योग्य होणार नाहीं. पाळीवर माती टाकणारे हात भूमिहीनांचे असत, आणि पाण्याचा पहिला मान मालगुजाराच्या शेताचा असे. ती पद्धति जाणें न्यायाचेंच होतें. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें मालकी हक्क रद्द झाले, आणि ३१ मार्च १९५१ पासून तळीं शासनाचीं झालीं. तेव्हांपासून त्यांना माजी मालगुजारी तलाव असें म्हणतात. बोलतांना लोक नुसतें मामा तलाव म्हणतात. मालक गेला हें ठीक झालें, पण त्याच्याबरोबर जबाबदारीही गांवाबाहेर गेली. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरांपर्यंत भिजविणारीं तळीं त्यांच्याकडे आणि मोठीं पाटबंधारे खात्याकडे, अशी वांटणी झाली. गाळ काढणें हें गांवाचें नित्यकर्म राहिलें नाहीं, तें अंदाजपत्रकांतील एक कलम झालें. तळीं उथळ झालीं, पाण्यांत बेशरमाची झुडपें माजलीं, आटलेल्या कांठावर शेतें चढलीं, आणि वरचें जंगल विरळ झालें तेथें गाळ अधिक वेगानें येऊं लागला.

याच काळांत नदीलाच बांध घालण्याचें सामर्थ्य माणसाला आलें. पवनी तालुक्यांत गोसीखुर्द येथें २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें इंदिरासागर प्रकल्पाची पायाभरणी झाली. धरण अकरा किलोमीटरांहून अधिक लांब असून त्याला तेहतीस दरवाजे आहेत. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील २,५०,८०० हेक्टर जमीन भिजावी हा त्याचा संकल्प. मूळ अंदाज ३७२ कोटि रुपयांचा होता. पुढें खर्च त्याच्या कितीतरी पट झाला, आणि प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा द्यावा लागला. जलाशय भरूं लागल्यावर वैनगंगेच्या व कन्हानच्या कांठचीं अनेक गांवें उठलीं. कांठची गाळाची जमीन खोऱ्यांतील उत्तम जमिनींपैकीं होती. उन्हाळ्यांत वाळूच्या पात्रांत टरबुजांच्या वाड्या लावून पोट भरणाऱ्या ढिवरांचें तर पात्रच पाण्याखालीं गेलें. नव्या वसाहतींत घर मिळालें, पण नदीच्या जवळिकीची भरपाई कोणत्याच तक्त्यांत बसत नाहीं.

धरणाचा लाभ खोटा नाहीं. कालव्यांचें पाणी जेथें पोंचलें तेथें भारी धानाला शेवटचें पाणी मिळूं लागलें, कांहीं ठिकाणीं उन्हाळी धानही निघूं लागला. परंतु कालवा उताराच्या नियमानें चालतो. त्याच्याहून उंच असलेल्या शेतांना तो आपसूक भिजवूं शकत नाहीं. साकोली, लाखनी यांच्या बाजूच्या चढाच्या जमिनींना आजही आपल्या माथ्यावरच्या तळ्याचाच आधार आहे. शिवाय सांठविलेलें मोठें पाणी स्वतःचे प्रश्न बरोबर आणतें. नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानला व कन्हानवाटे या जलाशयाला मिळतें, आणि संथ पाण्यांत तें साचून राहतें. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या भागांत अतोनात पाऊस झाला, मध्यप्रदेशांतील धरणांतून पाणी सोडावें लागलें, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत व कांठच्या गांवांत पाणी शिरलें. वरचें धरण एका राज्यांत आणि खालचें शहर दुसऱ्या राज्यांत असलें, तरी पाण्याला ती सीमा ठाऊक नसते.

या खोऱ्याचा इतिहास पाहतां एक गोष्ट स्पष्ट होते. स्तूपाच्या काळापासून नदीनें येथें लोकांना नगर दिलें, मार्ग दिला, तीर्थ दिलें. पण ताटांतला भात दिला तो उतारांवर ठिकठिकाणीं थोपविलेल्या लहान लहान पाण्यानें. मोठें धरण त्या पाण्याला जोड देऊं शकतें, त्याची जागा घेऊं शकत नाहीं. अलीकडे माजी मालगुजारी तलावांतील गाळ काढण्याच्या व पाळी दुरुस्त करण्याच्या योजना निघाल्या आहेत, आणि कांहीं ठिकाणीं ढिवरांच्या सहकारी संस्था व गांवकरी मिळून तळ्यांतील वनस्पतींचें व माशांचें पुनरुज्जीवन करीत आहेत. या प्रयत्नांचें यश यंत्रानें किती गाळ उपसला यावर मोजलें जाऊं नये. पावसाळ्यापूर्वीं पाळ पाहून येणारा कोण, तुडुम उघडण्याचा दिवस ठरविणारे कोण, आणि आटल्या कांठावर नांगर घालणाऱ्याला अडविणारा कोण, या तीन प्रश्नांचीं उत्तरें जेथें गांवाजवळ आहेत तेथेंच काढलेला गाळ बाहेर राहील. जेथें तीं नाहींत तेथें दहा वर्षांनीं तोच गाळ पुन्हां तळ्यांत आलेला दिसेल.

भंडारा जिल्ह्यांत सुमारें बारा लाख लोक राहतात, आणि त्यांतील बहुसंख्यांचें वर्ष अजूनही धानाच्या लोंबीवर अवलंबून आहे. पाऊस पूर्वीं जितका नेमाचा होता तितकाही आतां राहिलेला नाहीं. कधीं रोवणीच खोळंबते, कधीं कापणीच्या वेळीं सरी येतात. अशा वेळीं तीन-चारशें वर्षांपूर्वीं उतारावर घातलेली मातीची पाळ ही जुन्या काळाची शोभेची वस्तु राहत नाहीं. ती शेतकऱ्याच्या आणि उपासमारीच्या मध्यें उभी असते, आणि म्हणून तिची राखण हें खोऱ्यांतील प्रत्येक गांवाचें आजचें काम आहे.